मयताने भरलेली घरपट्टी

माझ्या घराची घरपट्टी एक मेलेला माणूस भरतो, ही बातमी मला करकचेरीच्या तीन नंबरच्या खिडकीवर, भर सकाळी, चाळीस माणसांच्या देखत कळली. भीती नंतर वाटली, आधी अपमान वाटला. छत्तीस वर्षं मी सेंट एलिझाबेथ परगण्यातल्या पोरांना भूगोल शिकवला. जमिनीबद्दल मला कुणी शिकवावं, आणि तेही खिडकीपलीकडच्या पेट्रोना व्हाइटनं, जिला मी नकाशावाचनात शंभरपैकी नऊ गुण दिले होते, हे जरा जास्तच झालं.

पण मी मधूनच सुरुवात केली. वर्गात पोरांनी असं केलं की मी बाकावर उभं करायचो, तेव्हा नीट पहिल्यापासून सांगतो.

निवृत्तीचे एकरकमी पैसे हातात आले तेव्हा माझी बायको क्लोव्हर म्हणाली, बँकेत ठेवा आणि गप्प बसा. गप्प बसणं ही गोष्ट मी जन्मभर दुसऱ्यांना सांगत आलो, स्वतः कधी केली नाही. चर्चच्या हॉलमध्ये दर गुरुवारी एक वर्ग भरायचा, घर घेऊन भाड्यानं देऊ पाहणाऱ्या नवशिक्यांसाठी कर आणि कायदा. त्यात मी नाव घातलं. वर्ग घ्यायच्या वकीलबाई मिस टलॉक. वयानं माझ्या मुलीएवढ्या, पण आवाज असा की मागच्या बाकावरचे लोक आपोआप सरळ बसत. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर लिहिलं, ‘ज्या खर्चाची पावती नाही, तो खर्च झालाच नाही.’ आणि म्हणाल्या, “भाडेकरू निवडताना त्याचं तोंड बघू नका. वेळेवर देतो का, शांत राहतो का, टिकून राहतो का, एवढंच बघा.” हे मी लाल शाईनं लिहून घेतलं. अख्ख्या वर्गात वहीला कव्हर घातलेला मी एकटाच होतो.

वर्ग संपायच्या आत मी घर घेतलंसुद्धा. आमच्याच गावातलं, तीन खोल्या, पुढे व्हरांडा, लाल मातीचं अंगण. घर लिनव्हल एबँक्सचं, म्हणजे गावाच्या भाषेत मास लिनव्हलचं; वडीलधाऱ्या माणसाला आमच्याकडे मास म्हणतात. ते वारले त्याला अकरा वर्षं उलटली होती, आणि बर्मिंगहॅमला राहणाऱ्या पुतण्यानं ते फोनवरच विकलं. अंगणात पिमेंटोच्या झाडाखाली मास लिनव्हलचं सिमेंटचं थडगं होतं. त्यात विशेष काही नाही. आमच्याकडे घरची माणसं घराच्या अंगणातच निजतात, आणि घर घेताना त्याबद्दल कुणी विचारत नाही. विहिरीला पाणी आहे का, हे विचारतात. मीही तेवढंच विचारलं. आमच्या सगळ्या म्हातारपणाचा पैसा त्या तीन खोल्यांत गेला होता, हे मात्र लक्षात असू द्या.

खरेदीच्या दिवशी मी मास झीकीच्या दुकानात खिळे घ्यायला गेलो. मास झीकी खिळे, रॉकेल, पीठ, रम आणि सल्ला विकतो. सल्ला फुकट असतो, म्हणून तो जास्त खपतो.

“टीचर, खिळे राहू द्या. आधी पांढऱ्या रमची पाव बाटली घ्या,” तो म्हणाला. “थडग्यावर ओता, टोपी काढा, नाव सांगा आणि घर मी घेतलंय म्हणून सांगा. पाच मिनिटांचं काम आहे.”

“पावती मिळेल?”

मास झीकीनं आधी माझ्याकडे बघितलं, मग बाटलीकडे. “रमची?”

“देखभाल आणि दुरुस्ती या सदराखाली. करातून वजावट मिळते.”

“पावतीवर मी रम लिहीन, टीचर. मयताला पाजली असं नाही लिहिणार. मला या गावात दुकान चालवायचंय.”

मी गुरुवारी मिस टलॉकना वर्गात उभा राहून विचारलं. वर्ग हसला, त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “पोटात गेली तर चैन, जमिनीवर गेली तर नासाडी. दोन्हीला वजावट नाही.” मग मी तो खर्च केला नाही. पैशाचा प्रश्न नव्हता, तत्त्वाचा होता. पुढे जे जे झालं ते या एका पाव बाटलीवरून झालं असं अख्खं गाव आजही म्हणतं, आणि मी आता वाद घालत नाही.

पहिल्यांदा लक्षात आलं ते अंगण. मी रोज सकाळी किल्ली घेऊन जायचो, आणि रोज अंगण झाडलेलं असायचं. आमच्या लाल मातीवर झाडूचे फराटे उमटतात, अर्धगोल, एकाला एक लागून. ते फाटकापासून सुरू व्हायचे आणि थडग्यापाशी संपायचे. झाडणारा माणूस झाडत झाडत मागे सरकतो, त्याची पावलं कुठेतरी उमटायला हवीत. मी भूगोलाचा माणूस, जमीन वाचणं हे माझं काम. मी चष्मा लावून अंगण वाचलं. पावलं नव्हती. शेजारपाजारचं कुणी चांगुलपणानं करत असेल असं मी क्लोव्हरला सांगितलं. ती म्हणाली, “या गावात चांगुलपणा करणारा माणूस आधी दहा जणांना सांगतो.”

त्याच महिन्यात मला पहिली भाडेकरू मिळाली. नर्स ओपल बेंट, सरकारी दवाखान्यात नोकरी, अनामत रोख, आवाज हळू. माझ्या लाल शाईच्या तिन्ही ओळींत ती बसत होती. दहाव्या दिवशी ती बॅग घेऊन आमच्या दारात उभी राहिली.

“टीचर, घर छान आहे. पाणी येतं, वारा येतो. पण मी जाते.”

“का गं, काय झालं?”

“रोज दुपारी चार वाजता व्हरांड्यातून कुणीतरी ‘गुड आफ्टरनून’ म्हणतं.”

“मग?”

“मग मीही म्हणते. आईनं वळण लावलंय. बाहेर येऊन बघावं तर कुणी नाही, खुर्ची तेवढी हलत असते. आठ दिवस मी वारा म्हणून सोडून दिलं. काल मात्र त्यांनी विचारलं.”

“काय विचारलं?”

“‘मिस, यंदाची घरपट्टी भरली का?’”

मी विचारलं, “उद्धटपणे विचारलं का?”

“छे, फार अदबीनं. म्हणून तर जाते. उद्धट असते तर मी दोन शब्द सुनावले असते.”

अनामत परत देताना मी तिच्याकडून पावती लिहून घेतली. क्लोव्हर आतून सगळं ऐकत होती. ती चिडली की मला आडनावानं हाक मारते. म्हणाली, “मिस्टर पार्चमेंट, बातमी अशी आहे की घरपट्टीची आठवण मयताला आहे, मालकाला नाही.” हे मला लागलं. म्हणून एक एप्रिलला, वर्षाची पट्टी भरायच्या पहिल्याच दिवशी, मी इस्त्रीचा शर्ट घालून करकचेरीत गेलो आणि तीन नंबरच्या खिडकीवर पेट्रोना व्हाइटसमोर उभा राहिलो.

“भरलीय, सर,” तिनं यंत्रात बघून सांगितलं.

“शक्य नाही. मी आत्ता आलोय.”

“आज सकाळीच भरली. भरणारा, एबँक्स, लिनव्हल.”

“अगं, तो माणूस वारलाय.”

“असेल, सर. पण दर वर्षी एक एप्रिलला येतो. जिवंत लोक इतके नियमित नाहीत.”

“कसा दिसतो?”

“खिडकीवर जमिनीचा नंबर येतो आणि पैसे येतात. तोंड बघायला वेळ कुणाला आहे? नावात बदल करायचा असेल तर पाच नंबरचा फॉर्म, दोन प्रतींत. सोबत नकाशा लागेल.” मग ती जराशी हसली. “नकाशा मला नीट वाचता येत नाही, सर. नऊ गुण मिळाले होते.”

माझ्यामागच्या रांगेत कुणीतरी खोकलं. मी नोटा पुन्हा पाकिटात घातल्या. सरकारी खिडकीवरून पैसे न देता परत येताना माणसाला आनंद व्हायला हवा. मला मात्र मानेवर गार हात ठेवल्यासारखं वाटत होतं, आणि बाहेर तर कडक ऊन होतं.

मी तडक मिस टलॉकचं ऑफिस गाठलं. ते बाजारात, चपलांच्या दुकानाच्या वर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “टीचर, वहिवाटीच्या धड्याला तुम्ही हजर होता?”

“पहिल्या बाकावर.”

“मग सांगा. बारा वर्षं जो माणूस उघडपणे, तंटा न करता, मालकाची परवानगी न घेता जागेवर बसून राहतो आणि पट्टी भरत राहतो, त्याला काय म्हणता येतं?”

“जागा माझी, असं म्हणता येतं. पण हा बसलेला नाही, मिस टलॉक. निजलेला आहे.”

“कायद्याला चालतं.” त्या बोटं मोजू लागल्या. “उघडपणे? थडगं रस्त्यावरून दिसतं. तंटा? त्यांच्याएवढं शांत परगण्यात कुणी नसेल. परवानगी? तुम्ही दिलीत?”

“मला विचारलंय कुणी?”

“तेच म्हणते मी. कधी वारले?”

“या ऑगस्टात बारा वर्षं पुरी होतील.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “हे बघा, मयताला दावा लावता येत नाही. पण त्या नावामागे कुणीतरी हाडामांसाचं आहे, जे पट्टी भरतंय, अंगण झाडतंय आणि भाडेकरू पळवतंय. ऑगस्टात ते बारा पावत्या घेऊन कोर्टात उभं राहिलं तर तुमचं खरेदीखत एका बाजूला आणि त्यांच्या पावत्या एका बाजूला. तुम्ही घर गमावू शकता. तो माणूस शोधा.”

हाडामांसाचं कुणीतरी आहे हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. पण मी अंगण वाचलं होतं आणि त्यांनी वाचलं नव्हतं. हाडामांसाला पावलं असतात.

गावात ही बातमी माझ्याआधी पोचली. दुकानात शिरलो तर चार जण डॉमिनोचा डाव थांबवून माझ्याकडे बघत होते. एकानं सांगितलं, दाराशी तांदूळ टाका, भूत दाणे मोजत बसतं आणि सकाळ होते. मास झीकी म्हणाला, “हा दरवर्षी घरपट्टी मोजून भरतो. याला तांदूळ किती वेळ पुरणार?” सगळ्यांनी मान डोलावली. दुसऱ्यानं दारात तुरीचं झाड लावायला सांगितलं. तिसरा म्हणाला, “त्यांना माहीतच नाही हो घर विकलंय. पुतण्यानं सांगितलं नाही, टीचरनी सांगितलं नाही. आपल्याच घराची पट्टी भरतायत बिचारे.” हे ऐकून मला एकदम वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा राग आला.

रागात माणूस गवंडी बोलावतो. थडगं नाही तर वहिवाट नाही, असा माझा सरळ हिशेब. डेल्रॉय गवंडी आला, हातोडा, छिन्नी, सिमेंटची पिशवी घेऊन. सकाळचे दहा वाजले होते. आधी नुसतं बघून सांग, मी म्हटलं. त्यानं हातोड्याच्या दांड्यानं उजवीकडे एकदा ठोकलं. आवाज भरीव आला. मग डावीकडे ठोकलं, दोनदा. आवाज पोकळ आला.

“टीचर, हे थडगं दोघांचं आहे,” डेल्रॉय म्हणाला. “एकजण आलाय.”

“आणि दुसरा?”

“यायचाय.”

पिमेंटोची पानं हलायची थांबली होती. डेल्रॉय तसाच वाकलेला होता.

“टीचर, मी किती वेळा ठोकलं?”

“तीन.”

“तुम्ही किती ऐकले?”

मला खोटं बोलता आलं असतं. “चार,” मी म्हटलं.

“मग मी निघतो,” म्हणून त्यानं छिन्नी, हातोडा आणि पिशवी उचलली, आणि फाटकापर्यंत तो पाठ न फिरवता, उलटा चालत गेला. आल्याबद्दलचे पैसेही त्यानं घेतले नाहीत. आमच्या परगण्यातल्या गवंड्यानं पैसे सोडले हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

घरी क्लोव्हरला सांगितलं. तिनं माझ्यापुढे अ‍ॅकी आणि खारा मासा वाढला आणि मला वरपासून खालपर्यंत बघत राहिली. मी विचारलं, काय बघतेस. म्हणाली, “ती रिकामी जागा कुणाच्या मापाची आहे ते बघतेय. मयताला न विचारता घर घेणाऱ्याच्या मापाची असेल तर मला आधी कळलेलं बरं.”

मिस टलॉकना पुन्हा गाठलं. त्यांनी चौथ्या ठोक्याचं लिहून घेतलं नाही, पण पंखा बंद केला. मग म्हणाल्या, “तोडायचं मनातून काढा. पुरलेल्या माणसाला हलवायला तीन कचेऱ्यांची परवानगी लागते आणि तिन्ही एकमेकींचं तोंड बघत नाहीत. सोपा उपाय आहे. जो मालकाच्या परवानगीनं राहतो, त्याला वहिवाट सांगता येत नाही. तुम्ही परवानगी द्या.”

“कुणाला?”

“जो राहतोय त्याला. एका ओळीचं पत्र लिहा आणि जागेवर जाऊन वाचून दाखवा. साक्षीदार न्या.”

साक्षीदार म्हणून मास झीकी आला, पण फाटकाच्या बाहेर उभा राहीन या अटीवर. मी चारची वेळ धरली, कारण नर्सच्या म्हणण्याप्रमाणे त्या वेळी मास लिनव्हल घरात असत. ऊन तिरपं झालं होतं. अंगण नुकतंच झाडलेलं होतं, फराटे ओले दिसत होते. व्हरांड्यातली खुर्ची स्थिर होती आणि तिच्याकडे पाठ करणं मला जमेना, म्हणून मी तिरका उभा राहिलो. टोपी काढायची की नाही यावर थोडा विचार केला आणि काढली.

“मी, व्हर्नल पार्चमेंट, या जागेचा मालक,” मी वाचायला लागलो. आवाज कापत होता, तेव्हा मी वर्गातला आवाज लावला. “श्रीयुत लिनव्हल एबँक्स यांना, ते सध्या जिथे आहेत तिथे, मी सांगेपर्यंत राहण्याची परवानगी देत आहे.”

“गुड आफ्टरनून,” मागून आवाज आला.

“गुड आफ्टरनून,” मी मागे न बघता म्हटलं. आईनं मलाही वळण लावलं होतं.

“आणि डावीकडच्या जागेचं काय?”

आवाज बाईचा होता. मी वळलो. फाटकात काळी छत्री घेऊन मिस आयसी उभी होती. मिस आयसिल्डा स्वाबी, रस्त्यापलीकडच्या लाकडी घरातली शिंपीण, वय ब्याऐंशी. माझ्या शाळेच्या तीन पिढ्यांचे गणवेश तिनं शिवले. माझा साक्षीदार मात्र रस्त्याच्या वळणावर पोचला होता आणि अजून चालतच होता.

तिच्या काखेत बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. तो तिनं व्हरांड्याच्या पायरीवर ठेवून उघडला. सुया, दोऱ्याची रिळं, आणि त्याखाली पावत्या. बारा होत्या. सगळ्या लिनव्हल एबँक्सच्या नावाच्या.

“पोस्टमन कागद माझ्याकडे टाकतो,” ती म्हणाली. “त्याच्या बापाला आमचं माहीत होतं, त्यालाही माहीत आहे. मी पहिल्या टॅक्सीनं जाते आणि भरून येते. नाव त्याचंच सांगते, जमीन त्याची आहे.”

“मिस आयसी, जमीन आता माझी आहे.”

“मला कुणी सांगितलं नाही, टीचर. त्यालाही नाही.”

मी पायरीवर बसलो. ती उभीच राहिली. तिनं सांगितलं ते असं. मास लिनव्हलची बायको बर्मिंगहॅमला गेली ती परत आली नाही, आणि तिनं काडीमोडही दिला नाही. एकतीस वर्षं दर दुपारी चार वाजता मास लिनव्हल या व्हरांड्यातून म्हणायचे, गुड आफ्टरनून, मिस स्वाबी. ती रस्त्यापलीकडून म्हणायची, गुड आफ्टरनून, मिस्टर एबँक्स. गावासाठी एवढंच होतं.

“आणि बाकीचं?” मी विचारलं.

“बाकीच्याशी गावाला काय करायचंय?” ती म्हणाली. “आमची नावं एका कागदावर कधी आली नाहीत. चर्चच्या वहीत नाही, बँकेत नाही, त्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर नाही. त्यानं स्वतःच्या हातानं हे थडगं बांधलं, दोघांपुरतं. मला दाखवलं आणि म्हणाला, आयसी, घरपट्टी चुकवू नको, नाहीतर सरकार जमीन विकेल आणि आपल्याला उठवेल.”

“तुम्ही अंगण कशाला झाडता या वयात?”

“मी? सात वर्षांत मी वाकले नाही. कंबर बघा माझी.” तिनं झाडलेल्या अंगणाकडे बघितलं, आणि नवल वाटल्यासारखं काही तिच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. “तो नीटनेटका होता.”

मी म्हटलं, “गवंडी आला तेव्हा...”

“ऐकलं मी. रस्त्यापलीकडे मशीनवर बसले होते. तीन ठोके हातोड्याचे. चौथा कुणाचा ते तुम्ही मला विचारू नका.” तिनं छत्री मिटून पायरीला टेकवली. “त्या दिवसापासून मशीन चालवता आलं नाही, टीचर. मला घर नको. कोर्ट नको. तीन फूट बाय सात फूट, एवढंच सोडा. या पावत्या घ्या. सगळ्या घ्या. या तुमच्याकडे गेल्या की माझ्याकडे काही राहत नाही, आणि तुम्हाला ऑगस्टची भीती राहत नाही.”

तिनं डबा माझ्यापुढे केला. बारा पावत्या. त्या घेतल्या असत्या तर माझं घर त्याच क्षणी पक्कं झालं असतं. मला मिस टलॉकचा वर्ग आठवला, लाल शाई आठवली, आणि मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी उठून उभा राहिलो. एका बाईच्या थडग्यावर मी हातोडा घेऊन माणूस पाठवला होता, ती जिवंत असताना, ती ऐकत असताना.

“डबा बंद करा, मिस आयसी,” मी म्हटलं. “आपण वकिलाकडे जाऊ.”

भाडेकरार मिस टलॉकनी स्वतः टाइप केला. जागा, थडग्याची डावी बाजू. भाडेकरू, मिस आयसिल्डा स्वाबी. मुदत, तिच्या मृत्यूच्या दिवसापासून, पुढे अंत नाही. उजवीकडच्या श्रीयुत एबँक्स यांना कुणीही कधीही उठवणार नाही, हे वेगळ्या कलमात. भाड्याच्या रकान्यापाशी मी म्हटलं, काही नको. मिस आयसी म्हणाली, “मी कुणाच्या जागेत फुकट राहत नाही. घरपट्टी मी भरत आले, तेच भाडं.”

“जिवंत आहात तोवर ठीक,” मी म्हटलं. “नंतर माफ.”

“नंतर का माफ? राहायला तर मी नंतरच येणार आहे.”

मिस टलॉकनी माझ्याकडे बघितलं, मी छताकडे बघितलं. त्यांनी लिहिलं, ‘दरवर्षी एक एप्रिलला, आगाऊ.’ मिस आयसीनं सही केली, प्रत घडी घालून डब्यात ठेवली, आणि जिना उतरताना माझ्या दंडाला धरून म्हणाली, “त्याचं नाव यावर घालता आलं नाही ना?” मी म्हटलं, मयताची सही चालत नाही. ती म्हणाली, “हो. ते आहेच.”

ऑगस्ट आला आणि गेला. पाच नंबरचा फॉर्म दोन प्रतींत भरून घर करकचेरीत माझ्या नावावर लागलं. नर्स ओपल परत राहायला आली. दुपारी चारला अजून आवाज येतो, पण आता पट्टीचं विचारत नाहीत, नुसतं गुड आफ्टरनून म्हणतात, असं तिनं सांगितलं. मी भाडं वाढवलं नाही.

जानेवारीत, ख्रिसमसचे गार वारे अजून वाहत असताना, मिस आयसी मशीनवर बसल्या जागी गेली. क्लोव्हरनं तिला तिनंच शिवून ठेवलेला पांढरा झगा घातला. डेल्रॉयनं थडग्याची डावी बाजू उघडली. ठोकून बघितलं नाही, आणि पैसे या वेळीही घेतले नाहीत. डबा माझ्याकडे आला.

एक एप्रिलला मी तो डबा काखेत घेऊन पहाटेच्या टॅक्सीनं करकचेरीवर गेलो. तिच्या वतीनं आपणच भरावी असं मी ठरवलं होतं. दार बंद होतं आणि पायरीवर माझ्याशिवाय कुणी नव्हतं. पहारेकऱ्यानं माझ्यासमोर कुलूप काढलं. पेट्रोनानं माझ्यासमोर यंत्र सुरू केलं. मी नंबर सांगितला आणि नोटा सरकवल्या.

तिनं यंत्रात बघितलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा यंत्रात.

“भरलीय, सर.”

“कधी?”

“आज. दिवसातली पहिली पावती.”

“पेट्रोना, पहिला मीच आहे. तूच आत्ता खिडकी उघडलीस.”

“हो, सर,” ती हळूच म्हणाली. तिनं यंत्र माझ्याकडे वळवलं, जे वळवायला परवानगी नाही. मालकाच्या जागी माझं नाव होतं, बरोबर होतं. त्याखाली भरणाऱ्याच्या जागी, एका ओळीत, दोन नावं होती. एबँक्स, लिनव्हल. स्वाबी, आयसिल्डा.

मागे रांग वाढत होती. मग मी विचारलं, “याची नक्कल मिळेल?” तिनं फॉर्म मागितला नाही, फी मागितली नाही. नक्कल काढली, शिक्का मारला आणि दोन्ही हातांनी दिली.

परतताना मास झीकीच्या दुकानात थांबलो आणि पांढऱ्या रमची पाव बाटली मागितली. त्यानं ती कागदात गुंडाळली, पेन्सिल कानामागून काढली.

“पावती करू, टीचर?”

“नको,” मी म्हटलं.

अंगण झाडलेलं होतं. फाटकापासून थडग्यापर्यंत अर्धगोल, एकाला एक लागून, आणि या वेळी दोन झाडूंचे. मी कडेकडेनं गेलो, फराटे मोडू नयेत म्हणून. टोपी काढली, नाव सांगितलं, घर मी घेतलंय म्हणून सांगितलं. अर्धी रम उजवीकडे ओतली, अर्धी डावीकडे. मग ती नक्कल घडी घालून बिस्किटांच्या डब्यात ठेवली, बारा पावत्यांच्या वर, आणि डबा दोघांच्या मधोमध ठेवून दिला.